थायरमचा जबाब

पिंपळदऱ्याच्या फळतपासणी प्रयोगशाळेत फळांवर उरलेली औषधं स्वतःच जबाब देतात, मात्र चांदीच्या पाटावर बसायला मिळालं तरच. पाट नखाएवढा असतो. त्यावर नमुन्याचा थेंब ठेवायचा, लाल उजेड सोडायचा आणि विचारायचं, "कोण आलंय?" पाटाला टेकलेल्याचा आवाज लाखपटीने मोठा होतो. जो उभाच राहिला, त्याचा मुंगीलाही ऐकू जात नाही.

वैजयंती खैरनार अकरा वर्षं हे काम करत होती. त्या शुक्रवारी सकाळी कन्याशाळेचे बोरसे सर दहा क्रेट द्राक्षं टेम्पोत घालून आले. दुपारी खेळांच्या स्पर्धा संपल्या की साडेतीनशे मुलींना ती वाटायची होती. देठांपाशी पांढुरके डाग दिसले म्हणून सरांचं मन धजेना. "मॅडम, तुम्ही हो म्हणालात तरच वाटतो," एवढं बोलून ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

वैजयंतीने नियमाप्रमाणे अख्खा घड मिक्सरमधून काढला, थेंब पाटावर ठेवला आणि विचारलं.

"आम्ही साखर!" असा एकच गलका झाला. त्यातच आंबटपणा बोलला, रंग बोलला, सालीवरचं मेण तर आपलं कूळ सांगायला लागलं. औषध म्हणून कुणी बोललंच नाही. दुसऱ्या थेंबाचीही तीच तऱ्हा.

"औषध नाही. लिहून टाका," प्रयोगशाळेचे प्रमुख शिरोडे साहेब म्हणाले.

"साहेब, मागे कुणीतरी खाकरलं."

"खाकरण्याचा रकाना नाही, खैरनार बाई."

शिरोडे साहेब माणूस सरळ, पण पंगतीच्या बाबतीत भलतेच हट्टी. त्यांच्या घरच्या कार्यात पाहुणे, आचारी आणि मांडववाले एकाच पंगतीला बसत. तोच शिरस्ता त्यांनी इथे आणला होता. नमुन्यात जे जे असेल ते सगळं एकदम बसवायचं, पंक्तिभेद चालणार नाही, असं परिपत्रकच भिंतीवर होतं. आता इतक्या चांगल्या हेतूपुढे बोलायचं कुणी? पण साखर दांडगी. ती आधी घुसून पाट अडवते आणि भिडस्त पाहुणा दाराशी ताटकळतो, हे वैजयंतीला कळत होतं. साडेतीनशे मुली तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

"साहेब, आज मी पंगत मोडते."

"जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"मग तसं लेखी द्या."

तिने लेखी दिलं. मग दुसरा घड घेतला आणि त्याचा एकही मणी फुटू न देता नुसत्या साली द्रावकाने हलक्या हाताने धुतल्या, त्यामुळे साखर घरातच राहिली. धुवणात मीठ घातल्यावर द्रावकात मिसळलेलं पाणी मुकाट्याने तळाशी गेलं. पांढरी भुकटी टाकून ढवळलं, तेव्हा रंग आणि मेण तिलाच चिकटून खाली बसले. वरच्या निवळीचा एक थेंब तिने कोऱ्या पाटावर ठेवला आणि सुकू दिला. साहेब घड्याळ बघत होते. तिने घाई केली नाही.

मधोमध उजेड सोडला तर शांतता. क्षणभर तिचा धीर सुटला. मग तिच्या लक्षात आलं, संकोची माणूस बैठकीच्या मधोमध कधी बसतो का? चहाच्या कपाखाली उमटतं तसं वर्तुळ थेंबाच्या कडेने उमटलं होतं. तिने उजेड तिकडे सरकवला.

"नमस्कार," आवाज आला. "मी थायरम. बुरशी मारण्याचं काम करतो. सकाळपासून उभा होतो."

"कितीजण आहात?"

"मर्यादेच्या नऊपट. फवारणी परवाच झाली. बाहेर ते सर मुलींचं बोलत होते, ते ऐकलं मी. देऊ नका, बाई. माझं काम वेलीवर, लेकरांच्या पोटात नाही."

शिरोडे साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग वैजयंतीचं लेखी निवेदन उचललं आणि तिच्या सहीखाली आपली सही केली. परिपत्रक उतरवून त्यांनी पाठीमागे लिहिलं, 'भिडस्तांना आधी बसवावे.' बोरसे सरांनी तिथूनच शाळेत फोन करून राजगिऱ्याचे लाडू मागवायला सांगितले. वैजयंतीला त्यांनी हात जोडले, आणि थोडं थांबून पाटालाही.

"आभार तर मीच मानायचे," थायरम म्हणाला. "आजवर सगळ्यांनी चिरडूनच विचारलं. बसवलंत तुम्ही पहिल्यांदा."

वैजयंतीचे डोळे पाणावले. तिने पाट पुसायचा कापूस हातात घेतला.

"येतो, बाई."

'या' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. 'या' म्हटल्याशिवाय तिच्या आईने कुणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता, आणि तिनेही नाही.

"फार उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. "पण या म्हणत नाही."

"नकाच म्हणू," थायरम म्हणाला, आणि तिने पाट पुसला.