गाडी अजून झालेली नाही

नव्या कोऱ्या मोटरसायकलच्या हारातली झेंडूची फुलं सुकायच्या आत निकमबाईंनी तिला करवत लावली. मी ऑफिसातून येऊन पार्किंगमध्ये स्कूटर लावत होतो. बघतो तर बाई पंजाबी ड्रेसवर जुना शर्ट चढवून फरशीवर बसलेल्या, आणि मागच्या मडगार्डचा अर्धा तुकडा शेजारी पडलेला.

"अहो निकमबाई, नवी गाडी ती!"

"नवी आहे म्हणूनच कापतेय. जुनी असती तर कशाला कापली असती?"

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत आठ बिऱ्हाडं. त्यात दुसऱ्या मजल्यावर मंदा निकम एकट्या राहायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी. दिवसभर मिलिमीटरमध्ये मोजायची सवय, त्यामुळे कुठेही काही वाकडं दिसलं की बाई भडकायच्या. "हे कुणी ठरवलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नळाला पाणी पहाटेच का, जिन्यातला दिवा पहिल्या मजल्यालाच का, सगळं जग त्यांना 'मिसेस निकम' का म्हणतं? कुणी ठरवलं?

तेव्हा, म्हणजे दोन हजार सालाच्या आगेमागे, गाड्या सगळ्या प्लास्टिकच्या आणि रंगीत पट्ट्यांच्या यायला लागल्या होत्या. "ही गाडी आहे की बादली?" बाई म्हणायच्या. त्यांना हवी होती लहानपणी पाहिलेली गाडी. गोल दिवा, पत्र्याचे मडगार्ड, फुगीर टाकी. मग तशी जुनीच का नाही घेतली, असं मी विचारलं. "दुसऱ्याने करून ठेवलेल्या चुका मी का निस्तरू?"

स्वतःच्या चुका मात्र त्या जोमाने करत. टाकी हिरवी रंगवली ती गच्चीवर, वारा सुटलेला असताना. चेअरमनसाहेबांच्या वाळत घातलेल्या चादरीवर हिरवे शिंतोडे उडाले. त्यांनी लेखी तक्रार धाडली. बाईंनी तीत लाल शाईने सात चुका काढल्या आणि खाली लिहिलं, 'शुद्धलेखन तपासून पुन्हा पाठवावे.' चेअरमनसाहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझा काय संबंध? पण बाईंशी भांडायची हिंमत नसलेला प्रत्येक माणूस माझ्यावर राग काढायचा.

एकदा स्पेअर पार्टच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो. मला क्लचची केबल हवी होती, त्यांना गोल दिव्याची काच. बाईंनी माप सांगितलं. दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, कुठल्या मॉडेलला?"

"मागितलं मी, विचारताय यांना?" बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "हे माझे कोणी नाहीत. आणि यांना पाना कुठल्या बाजूने धरायचा तेही माहीत नाही!"

खरं होतं, पण दुकानभर सांगायची गरज नव्हती. मी केबल न घेताच बाहेर आलो. आठ दिवस सायकलवर ऑफिसला गेलो, आणि पायडलागणिक बाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मग बाईंच्या आई आल्या. नांदगावजवळच्या खेड्यात त्या नवऱ्यामागे एकट्याच राहत होत्या. एकदा पडल्या, गुडघा गेला, तेव्हा बाई जाऊन त्यांना घेऊनच आल्या. त्यानंतर आम्हाला कळलं की निकमबाई हे तसं सौम्य प्रकरण होतं.

"हे घर हाय का खुराडं? माणूस दिसंना, ढोर दिसंना!"

"मग बस ना गॅलरीत!"

"गॅलरीत काय, लोकांची टकली बघू?"

अशी भांडणं आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत ऐकू यायची. एक दिवस ती थांबली. पहिले दोन दिवस आम्हाला बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी माझी बायको वर जाऊन आली. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. धड जेवत नव्हत्या. "आमच्याकडे येऊन बसत जा," म्हटलं तर म्हणाल्या, "लोकाच्या दारात जाऊन काय बसू? माझं काय काम हाय तिथं?"

त्याच आठवड्यात बाईंनी पार्किंगमध्ये लोखंडी पाइप आणून टाकले. मोटरसायकलला साइडकार लावायची होती, म्हणजे बाजूला एका माणसाला बसता येईल अशी चाकाची पेटी. कशासाठी, असं कुणी विचारलं की खेकसायच्या, "भाजी आणायला!" कापाकापी, ठोकाठोकी सुरू झाली. चेअरमनसाहेबांची रविवारची झोप उडाली. मीही वैतागलो होतो.

त्या आवाजानेच आजी उठल्या. आधी गॅलरीतून ओरडल्या. "मंदे, लोकं हसत्यात! बाईमाणसानं हातोडा घेऊन बसावं का?" बाईंनी उलट आणखी जोरात ठोकलं. गॅलरीतून पुरेसं बोलता येईना, म्हणून एका संध्याकाळी आजी कठडा धरून दोन मजले उतरून खाली आल्या. खाली आल्यावर गुडघा ठणकायला लागला. बसायला दुसरं काही नव्हतं. आजी त्या पेटीत बसल्या आणि तासभर लेकीला बोलल्या.

दुसऱ्या दिवशी येताना मेथीची जुडी घेऊन आल्या. मग रोजचंच झालं. आजी पेटीत बसून मेथी निवडायच्या, लसूण सोलायच्या आणि लेकीची प्रत्येक गोष्ट कशी चुकते ते सांगायच्या. येणाऱ्याजाणाऱ्यालाही सोडत नसत. चेअरमनसाहेबांना तर त्यांनी "दुपारी झोपतोस म्हणून पोट सुटलंय" असं तोंडावर सांगितलं. पुढे त्यांच्या बायकोनेही आपली मेथी तिथेच आणायला सुरुवात केली.

सहा महिने गेले. साइडकार जोडून झाली, रंग झाला, परवानगीचा कागदही आला. गाडी खरोखर देखणी झाली होती. तरी बाई रोज संध्याकाळी पाना घेऊन बसलेल्याच. एकदा मी बघितलं, त्या एक घट्ट बसलेला नट सोडवत होत्या आणि तोच पुन्हा आवळत होत्या. मला राहवलं नाही. मोठ्याने म्हणालो, "निकमबाई, गाडी तर झाली की! आता काढा रस्त्यावर, फिरवा आजींना."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. उठल्या, माझी बाही धरली आणि मला विजेच्या मीटरपाशी ओढत नेलं.

"देशमुख, तुम्हाला अक्कल आहे का?" त्या दबक्या आवाजात ओरडल्या. "झाली म्हणे! तिला कळलं तर उद्यापासून ती खाली कशाला येईल?"

"अहो, पण बोलवा ना तुम्ही."

"बोलावलं की येत नाही ती! फिरायला चल म्हटलं, देवळात चल म्हटलं, नाही म्हणते. माझं चुकतंय असं वाटलं तरच येते." त्यांनी ऑइलने माखलेल्या हाताने चष्मा वर सरकवला. काचेवर काळा डाग पडला, तो तसाच राहू दिला. "मला चुकायला काय होतंय?"

बाई परत जाऊन फरशीवर बसल्या.

"आई, हा नट पुन्हा ढिला झाला गं!" त्या चिडून म्हणाल्या.

"व्हनारच! तुझ्यानं काय व्हायचं नाय ते!" आजींनी समाधानाने पुढची जुडी सोडली. "आन् बाजूला सरक. उजेड अडवू नको."