सावंत सरांचा गुण्या

सावंत सर आमच्याकडे जेवायला आले की आधी टेबल तपासतात. कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायला सुतार जो गुण्या वापरतात, तो यांच्या खिशात कायम. तो टेबलाला लावायचा, एक डोळा मिटायचा आणि जाहीर करायचं, "उजेड दिसतोय!" म्हणजे फट आहे, टेबल नापास. मग आमटी गार होईपर्यंत त्या टेबलाची चिरफाड.

सर परळच्या तंत्रशाळेत सुतारकाम शिकवतात. तिथल्या मुलांना काय छळायचं ते छळावं. पण करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये, माझ्या समोरच्या दारात राहून, ते मलाही विद्यार्थीच समजतात. सोसायटीच्या गणपतीच्या मखराला तर त्यांनी आरती चालू असताना गुण्या लावला होता!

गेल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात कपाट बसवायला मिस्त्री आला. सर बोलावल्यासारखे हजर. "उजेड दिसतोय. खोल, पुन्हा कर." त्यानं खोललं, पुन्हा बसवलं. "अजून दिसतोय. पुन्हा कर." शेवटी मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी उचलली. "शेठ, ये चाचा के साथ अपुन से नहीं होगा," म्हणाला आणि गेला तो गेलाच. कपाट अर्धवट, भांडी जमिनीवर, आणि सर गुण्या ओट्यावर विसरून घरी!

माझं डोकंच फिरलं. गुण्या परत द्यायला आणि चार शब्द सुनावायला मी त्यांच्या घरात शिरलो. सर चहा टाकत होते. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. ओट्यावरच्या भिंतीला एक फळी होती, आणि ती चक्क तिरकी होती. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी गुण्या लावला.

"सर, उजेड दिसतोय! खोला, पुन्हा करा!"

"हात लावू नकोस तिला!" सर ओरडले. मग त्यांचा आवाज उतरला. "हिनं केलीय रे ती. बायकांच्या संध्याकाळच्या वर्गाला यायची माझ्याकडे. मी नापास केलं तिला. पुन्हा कर म्हटलं. 'बरी झाले की करते' म्हणाली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

"तुझ्या कपाटाचं उद्या मी बघतो," सर म्हणाले. चहात साखर घालून त्यांनी डबा परत फळीवर ठेवला. तो घसरत कडेला आला. सरांनी वर न बघताच हात पुढे करून तो अडवला.