हुकलेली पेनल्टी आणि वाचलेलं दूध

त्या घरात पेपरवर पहिला हक्क अण्णांचा. पण त्या सकाळी दारातला पेपर अण्णांच्या मुलाने, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांनी उचलला, सवयीने मागचं पान आधी उलटलं आणि दाराशीच चपलांवर बसकण मारली.

डावऱ्याने, देशाच्या त्या एकेकाळच्या लाडक्या फुटबॉलपटूने, कबुली दिली होती. बावीस वर्षांपूर्वीच्या फायनलमधली ती पेनल्टी आपण पैसे घेऊन मुद्दाम बाहेर मारली. बुकीचा माणूस आदल्या दिवशी हॉटेलात भेटून गेला होता. आता वय झालं, मनावरचं ओझं उतरवावंसं वाटलं, वगैरे वगैरे.

खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांना आधी वाईट वाटलंच नाही. आधी वाटलं, सुटलो बुवा एकदाचा! कारण ती पेनल्टी डावऱ्याने घालवली असं त्या घरात कुणीच मानत नव्हतं. ती चष्मेवाल्यांनी घालवली होती.

डावऱ्या सोळा वर्षांचा असताना जवळच्या मैदानावर खेळायचा, तेव्हापासून अण्णा त्याचे भक्त. चष्मेवाल्यांचं खांद्यावर बसायचं वय तेव्हा केव्हाच सरलं होतं, तरी गर्दीत दिसावं म्हणून अण्णा त्यांना खांद्यावर घेत. (चष्मेवाले अंगाने भरलेले होते. अण्णांची मान आजही एका बाजूला कलते.) डाव्या पायाने मारलेला बॉल हवेत वळायचा आणि खालून अण्णा ओरडायचे, "बघ, बघ, वळला!" त्या ओरडण्याने चष्मेवाल्यांचं सगळं अंग हलायचं. पुढे आयुष्यात आनंद बरेच झाले, पण असा हलवणारा नाही झाला.

मग डावऱ्या मोठा झाला, देशाकडून खेळू लागला आणि घरात टीव्ही आला. फायनलच्या त्या वर्षी स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात गोल झाला तेव्हा घरातले जिथे होते, तिथेच पुढच्या सामन्याला बसले. पुन्हा विजय! झालं, कायदाच ठरला. अण्णा आरामखुर्चीत, एकाच पायात चप्पल. आई टीव्हीकडे पाठ करून. चष्मेवाले कपाटाजवळच्या स्टुलावर, मांडीवर उशी. आणि नवी सून गॅलरीत, हातात ओला टॉवेल. कारण त्या गोलच्या वेळी ती कपडे वाळत घालत होती. बिचारीच्या लग्नाला महिना झाला नव्हता. सासरी असंच असतं वाटतं, असं समजून ती उभी राहिली.

फायनलला शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. डावऱ्याने बॉल ठेवला, मागे सरला. घरात श्वास घ्यायचीही कुणाची हिंमत नव्हती. तेवढ्यात गॅलरीतून हाक आली, "अहो, दूध उतू जातंय!"

"जाऊ दे उतू!" आई भिंतीकडे बघतच ओरडली.

पण नवीन लग्न. चष्मेवाले उठले, धावत जाऊन गॅस बंद केला. दूध वाचलं, फायनल गेली. परत आले तेव्हा डावऱ्या मैदानात गुडघे टेकून, जर्सीत तोंड लपवून रडत होता आणि इकडे आरामखुर्चीत अण्णा रडत होते.

"कसं रडतंय बघ पोर," अण्णा म्हणाले. "का उठलास रे?"

त्या दिवसापासून चष्मेवाल्यांचं घरातलं नाव पनवती. महत्त्वाचा सामना असला की त्यांना जिन्यात बसवलं जाई आणि निकाल वरून ओरडून सांगितला जाई. पुढेपुढे त्यांचं त्यांनाच पटलं. सामना सुरू झाला की कुणी न सांगता ते चपला घालत.

तर असे चष्मेवाले पेपर फडकवत स्वयंपाकघरात घुसले. "अगं, मी निर्दोष! बघ, छापून आलंय!"

बायकोने वाचलं आणि आधी दार लोटलं. "हळू बोला! डॉक्टर काय म्हणाले विसरलात? अण्णांच्या हृदयाला धक्का नको."

"अगं पण बावीस वर्षं मी जिन्यात..."

"तर आणखी बसा! जिना कुठे पळून चाललाय? आणि दूध माझं होतं, मला सुटावंसं वाटत नसेल?"

चष्मेवाले तणतणत बाहेर आले. बाहेर अण्णा भिंतीवरच्या डावऱ्याच्या फोटोची काच सदऱ्याच्या बाहीने पुसत होते. देवालाही त्यांनी इतकं हळुवार पुसलं नसतं. तेव्हा मात्र चष्मेवाल्यांनी पेपर पाठीमागे लपवला. डावऱ्याला त्या रडण्याचे पैसे मिळाले होते, अण्णा फुकट रडले होते. आपली सुटका गेली खड्ड्यात, असं त्यांनी ठरवलं आणि पेपर गादीखाली सारला.

"आज पेपर आला नाही, अण्णा. टीव्हीही बिघडलाय." (वायरीचा कापलेला प्लग त्यांच्याच खिशात होता.)

अण्णांनी पेपरवाल्याला फोन करून झापलं. तो भला माणूस माफी मागत दुसरा पेपर घेऊन हजर! आता काय करावं? चष्मेवाल्यांनी जन्मभराची विद्या पणाला लावली.

"अण्णा, तुमच्या चष्म्याची दांडी सैल झालीय. द्या, दुकानातून घट्ट करून आणतो."

तासाभरात चष्मा परत आला. फ्रेम तीच, काचा दुसऱ्याच. लांबचं दिसत नाही अशा कुणा गिऱ्हाइकाच्या, न नेलेल्या. अण्णांनी पेपर उघडला, जवळ धरला, लांब धरला आणि ठेवून दिला. "आज छपाई फार वाईट आहे," ते म्हणाले. योजना फत्ते! चष्मेवाले शीळ घालत दुकानात गेले. अण्णा तो चष्मा घालून घरभर फिरणार आहेत, हे तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

अण्णांनी कुंडी समजून चष्मेवाल्यांच्या नव्या बुटांत झारीभर पाणी घातलं. खुंटीवरच्या रेनकोटला "या, बसा" म्हणाले. रेनकोट बसेना, तेव्हा रागावलेही. मग आईच्या कपात साखर घालायला गेले आणि ती तिच्या मांडीवर ओतली.

"अगं बाई, यांच्या डोक्यात काहीतरी झालं!" आईने हंबरडा फोडला. सुनेला चष्म्याचं कारस्थान ठाऊक नव्हतं. तिने घाबरून डॉक्टरांना बोलावलं आणि दुकानात फोन केला.

चष्मेवाले धापा टाकत पोचले तेव्हा डॉक्टर अण्णांचा चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून बघत होते.

"आजोबांना काही झालेलं नाही. हा चष्मा कोणत्या गाढवाने करून दिला?"

सगळ्यांच्या माना चष्मेवाल्यांकडे वळल्या. जिन्यात जाऊन बसावं असं त्यांना फार वाटलं.

"नाडी उत्तम," डॉक्टर बॅग आवरता आवरता म्हणाले. "फक्त मनाला धक्का नको. बाकी आजचं वाचलंत का? तुमच्या त्या डावऱ्याने फायनलची पेनल्टी चक्क विकली होती हो!"

सुनेने तोंडावर हात धरला.  अण्णा भिंतीकडे बघत राहिले. चष्म्याशिवाय तो फोटो त्यांना दिसत होता की नाही, कोण जाणे. फोटो पुसलेली सदऱ्याची बाही तेवढी ते चुरगाळत होते.

चष्मेवाल्यांना ते बघवेना. ते खुर्चीपाशी बसले आणि अण्णांचा हात हातात घेतला.

"खोटं असेल, अण्णा. वय झालं की माणूस काहीही बरळतो. डावऱ्या तसा नव्हता. मीच उठलो ना? माझ्यामुळेच हुकला बॉल."

अण्णांनी त्यांचा हात थोपटला. डोळे पुसले.

"नाही रे," ते म्हणाले. "घेतले असतील त्याने पैसे. मारायचा म्हणून बाहेरच मारला असेल."

 बावीस वर्षांनी बापाच्या तोंडून सुटका!

"पण त्याचे बॉल कसे वळायचे, तू माझ्या खांद्यावरून पाहिलेस ना?" अण्णा म्हणाले. "तू उठला नसतास, तर बाहेर मारलेला बॉलसुद्धा वळून आत गेला असता!"