चंद्रीचं ओझं

जनावराचं मन पुस्तकासारखं वाचता येतं, फक्त वाचणारा हवा, असं विष्णुपंतांचं ठाम मत होतं. वाचणारा कोण, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि गेले आठ दिवस मोबाईलवर घोड्यांच्या स्वभावाची माहिती बघून ती जेवताना वनमालाबाईंना ऐकवत होते.

"कान बघायचे. कान पुढे म्हणजे घोडं खूश, मागे म्हणजे रागात. समोरून जायचं नाही, बाजूनं जायचं. विश्वास कमवावा लागतो."

"भाजी घ्या," वनमालाबाई म्हणायच्या.

घोडी होती मेंढपाळ बिराप्पाची. खतासाठी विष्णुपंतांनी आपल्या रानात त्याची तीनशे मेंढरं बसवली होती. पण परवा बांधावरून घसरून बिराप्पाचा पाय मोडला आणि त्याला धाराशिवला दवाखान्यात न्यावं लागलं. मागे उरली त्याची बायको बानूबाई, मेंढरं आणि चंद्री घोडी. आज दिवस मावळायच्या आत तीन कोसांवर सास्तूरच्या शिवारात पोचायचं होतं. तिथल्या शेतकऱ्यानं स्पष्ट सांगितलं होतं, आज आलात तर ठीक, नाहीतर उद्या दुसरा कळप बसवतो. दुसरं रान ठरलेलं नव्हतं, आणि इथला पालापाचोळा मेंढरांनी कधीच संपवला होता. दोन दिवस त्या बाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. विष्णुपंतांना तिची मनापासून कणव आली.

"तुम्ही मेंढरं बघा. घोडीचं माझ्याकडे लागलं," ते म्हणाले.

आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं! पण चांगुलपणाला एकदा सुरुवात झाली की विष्णुपंतांना आवरणं कठीण. बानूबाई रानाच्या पार दुसऱ्या टोकाला मेंढरांची जाळी गुंडाळत होती, तेवढ्यात त्यांनी टेम्पो बोलावला आणि पथाऱ्या, भांडी, कोंबड्या, सगळा संसार त्यात घालून सास्तूरला रवाना केला.

बानूबाई परत आली. "गुरुजी, सामान कुठं हाय?"

"पुढे पाठवलं. चंद्रीला आज सुट्टी."

बानूबाईनं चंद्रीच्या रिकाम्या पाठीकडे बघितलं. उपकार करणाऱ्या माणसाला काय बोलायचं?

विष्णुपंत चंद्रीकडे बाजूनं गेले. तिच्या नाकपुडीजवळ हळूच श्वास सोडला, कारण घोडे म्हणे एकमेकांना असंच भेटतात. चंद्री त्यांच्या चष्म्यावर शिंकली. त्यांनी चष्मा पुसून कान बघितले, तर एक कान पुढे आणि एक मागे. याबद्दल मोबाईलवर काहीच नव्हतं. मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. आपण पाठ फिरवून शांतपणे चालू लागायचं, घोडं आपोआप मागे येतं. ते शांतपणे विहिरीपर्यंत चालत गेले. वळून पाहिलं, तर चंद्री जागेवर होती आणि दवाखान्याच्या वाटेकडे बघत होती.

चंद्री हलेना म्हणून मेंढरं हलेनात. ती नेहमी तिच्याच मागे चालायची. उभ्या उभ्या कंटाळून मेंढरं शेजारच्या गुंडप्पाच्या हरभऱ्यात शिरली. गुंडप्पा काठी घेऊन धावत आला.

"थांब जरा, तिचा विश्वास बसत आलाय," विष्णुपंत म्हणाले.

"गुरुजी, हितं माझा हरभरा चाललाय, घोडी न्हाय."

आता बानूबाईला राहवेना. "ती रिकामी कशी चालंल, गुरुजी? पाठीवर भांडी वाजली की तिला कळतं, तळ हलला. न्हायतर तिला वाटतं, मालक यायचेत अजून. आपला माणूस मागं ठिवून जायची न्हाय ती."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी तिच्यासंगं बोलत व्हता."

विष्णुपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेम्पोवाला फोन उचलेना. दिवस कलायला लागला होता. वनमालाबाई रानाला लागूनच असलेल्या घरात गेल्या आणि गोधड्या, परात, दोन पातेली आणि कुकर घेऊन आल्या. बानूबाईनं सगळं चंद्रीच्या पाठीवर आवळलं आणि कुकरचं झाकण वाजेल एवढं सैल ठेवलं. खळ्ळ झालं. चंद्रीचे दोन्ही कान पुढे आले आणि ती चालू लागली. तिच्या मागे मेंढरं, मेंढरांच्या मागे बानूबाई, आणि सगळ्यात पुढे, कासरा धरून, विष्णुपंत. रस्त्यात भेटेल त्याला ते सांगत होते, "बाजूनं जावं लागतं."

दिवस मावळायला हातभर उरला असताना कळप सास्तूरच्या रानात शिरला. शेतकरी वाट बघत होता. बानूबाई मटकन खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत पहिल्यांदा हसली. विष्णुपंतांनाही भरून आलं.

बानूबाईचं सामान उतरवून टेम्पो तिथंच उभा होता. त्यांनी आपली भांडी त्यात चढवली, स्वतः मागे बसले आणि टेम्पो निघाला. थोडं अंतर गेल्यावर त्यांना मागे टापा ऐकू आल्या. चंद्री! कान पुढे करून दुडक्या चालीनं त्यांच्यामागे येत होती.

"बघा बानूबाई," ते गहिवरून ओरडले, "बसला विश्वास!"

चंद्रीमागे तीनशे मेंढरं रानातून बाहेर पडत होती. त्यांच्यामागे बानूबाई धावत होती.

"गुरुजी, भांडी निघाली म्हणून निघाली ती! ठिवा ती खाली!"

विष्णुपंत उतरले. एकेक भांडं त्यांनी परत रानात नेऊन ठेवलं. चंद्री मुकाट्यानं त्यांच्यामागे आली आणि कुकरशेजारी उभी राहिली. त्यांनी मानेवर हात ठेवला तर तिनं ठेवू दिला. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचली का हो ती बाई नीट?" वनमालाबाईंनी विचारलं. "बरं झालं. मी डाळ-तांदूळ धुऊन ठेवलेत, आता कुकर तेवढा लवकर आणा."

विष्णुपंतांनी चंद्रीचे कान बघितले.

"मी निघालोय," ते म्हणाले, आणि कुकरबद्दल काही बोलले नाहीत.