जहाज झालं की निघालो

मेश्राम काकांना आम्ही आत्तापर्यंत तीनदा निरोप दिलाय. तिन्ही वेळा शाल दिली, भाषणं केली, बटाटेवडे संपवले, आणि तिन्ही वेळा काका पुढच्याच शनिवारी ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या हुंगताना भेटले. पहिल्यांदा आम्ही दचकलो. दुसऱ्यांदा हसलो. तिसऱ्यांदा माझी बायको मीनल म्हणाली, "पुढच्या वेळी शाल त्यांच्याचकडून आणू या. त्यांच्याकडे स्टॉक आहे."

काका शब्दाचे पक्के आहेत, हे आधी सांगायला हवं. नागपूरला कायमचं परत जायचं, हे ते अमेरिकेत उतरल्या दिवसापासून सांगतायत, आणि आजही तेवढ्याच ठामपणे सांगतात. अट एकच. "जहाज झालं की निघालो."

हे जहाज प्लॅस्टिकचं आहे. जुन्या काळी अटलांटिक ओलांडायची तसलं चार धुराड्यांचं प्रवासी जहाज, फक्त अडीच फुटांचं. खोक्यात शेकडो सुटे भाग येतात. ते एकेक कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि चिमट्याने धरून चिकटवायचे. लोक ते सहा महिन्यांत करतात म्हणे. काका आठ वर्षं करतायत.

आता नागपूरला समुद्र नाही. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गलाही नाही. काकांना पोहता येत नाही, आणि एकदा शिकागोला त्यांना मिशिगन लेकवरच्या बोटीत बसवलं, तेव्हा ते किनारा येईपर्यंत डोळे मिटून बसले होते. मग जहाजच का, असं मी एकदा विचारलं.

"विमानात माणूस पोचवल्या जाते बे," काका म्हणाले. "जहाजात माणूस जाते."

मी चहा प्यायलो.

काका आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या हा त्यांचा धंदा. रिटायर झाल्यावर दुसरे उरले नाहीत, म्हणून आता स्वतःच्या काढतात. बेसमेंटमध्ये टेबल, त्यावर दिवा, दिव्याखाली जहाज, आणि जहाजावर कपाळ टेकवून काका. एखादी गोल खिडकी शेजारणीपेक्षा केसभर वर गेली की ते खुर्चीत मागे रेलतात आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणतात, "फेल." मग अख्खा मजला उखडून पुन्हा. बाकी जगालाही तोच न्याय. पोळी पास, भाजी फेल. मीनलचा चहा "पास, पण कमेंट्स आहेत." कमेंट्स काय आहेत ते विचारायचं धाडस मीनलने अजून केलेलं नाही.

जहाजाच्या डोलकाठ्यांना ताणलेल्या दोऱ्या मात्र पहिल्या फटक्यात पास झाल्या. त्या काकूंच्या केसांच्या आहेत.

"विकतचा धागा या साइजला जाड पडते," काकांनी मला भिंगातून दाखवलं. "हे पाह्य, पुढच्या डोलकाठीचे काळे. मागच्या डोलकाठीचे पांढरे. टाइम लागला ना मधे."

पहिल्या निरोपाच्या वेळी जहाज खरोखरच होत आलं होतं. कडेच्या छोट्या होड्या लावल्या की संपलं. आम्ही समारंभ उरकला, काका शाल पांघरून रडले, आणि दोन दिवसांनी होड्या गायब. मी आणि काका मोबाइलचा टॉर्च लावून बेसमेंटच्या कार्पेटवर रांगलो. व्हॅक्यूमची पिशवी पेपरवर उलटी केली. त्यात निरोप समारंभात हरवलेलं मीनलचं कानातलं सापडलं, होडी एकही नाही. "सापडलं का हो?" काकू जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारत होत्या. तेव्हाच दोन हिवाळे झाले होते, त्यांचे गुडघे त्यांना बेसमेंटचा जिना उतरू देत नव्हते.

काकांनी कंपनीला ईमेल केली. सुटे भाग यायला तीन महिने लागले. तोवर थंडी आली, आणि थंडीत रंग नीट वाळत नाही. पुढच्या वर्षी जहाजाचे पाण्याखालचे पंखे हरवले. त्याच्या पुढच्या वर्षी चौथं धुराडं. होडी हरवते हे मी समजू शकतो. पण अंगठ्याएवढं लालभडक धुराडं कार्पेटमध्ये कुठे जाणार? तिन्ही शालींखाली ते अर्धवट जहाज मात्र सुखाने झोपलेलं असायचं. धूळ बसू नये म्हणून काका त्या त्याच्यावर घालतात.

काकूंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. काकू पन्नाशीत गाडी शिकल्या, आणि आता या भागातल्या निम्म्या आजी-मावश्यांचे डॉक्टर, दुकानं, विहार सगळं त्यांच्या गाडीवर चालतं. शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या गर्दीत, दोन गाड्यांच्या मधल्या बोटभर जागेत त्या पहिल्या झटक्यात पार्किंग करतात, तेव्हा मिठाईच्या दुकानातले पुरुष बाहेर येऊन बघतात. काकांचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलंय. ते शेजारी बसतात आणि गाडी लागली की म्हणतात, "पास." कमेंट्स नसतात.

गेल्या मार्चमध्ये मीनलने मला काकूंकडे मूठभर मेथ्या आणायला पाठवलं. काकू हॉलमध्ये फोनवर होत्या, कुणाला तरी डेंटिस्टकडे न्यायची वेळ ठरवत होत्या. त्यांनी हातानेच स्वयंपाकघर दाखवलं. ओट्यावरची बाटली रिकामी होती, म्हणून मी खालच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढला, हात घातला, आणि मेथ्यांमधून धुराडं वर आलं. त्याच्यामागून पंखे. मग होड्या.

गुडघ्यांची तक्रार असलेली बाई इतक्या जोरात येऊ शकते हे मी प्रथमच पाहिलं.

"ठेव ते," काकू म्हणाल्या. "काकांना सांगशील तर बघ."

मी ठेवलं. काकूंनी डब्याचं झाकण लावलं, आणि मग त्या झाकणाकडे बघतच बोलल्या. "तिथं गेल्यावर मला कोण किल्ली देते रे? दिराच्या गाडीत मागं बसायचं. बाजारात जायचं तर पुतण्याला वेळ आहे का विचारायचं. मी विचारत होते सारं आयुष्य. आता नाही होत माझ्यानं."

"मग काकांना सरळ सांगा ना."

"कसं सांगू? हा माणूस त्या एका गोष्टीवर जगून राहिला इथं. मी नाही म्हटलं तर नाही जायचा. पण मग काय करेल तो?"

वेळ मारून न्यायला मी म्हटलं, "पण तुम्ही तर बेसमेंटमध्ये उतरत नाही."

"उतरायला कशाला पाहिजे? वेंधळे झालेत ते. रंग उजेडात बघतो म्हणून सुटे भाग वर आणतात आणि टेबलावर विसरून जातात. हा डबाही बघ, नेहमी वरच्या फळीवर असायचा. हल्ली आपोआप खाली येते. बरंच आहे म्हणा, स्टुलावर चढायला नको."

मी मेथ्या घेऊन घरी आलो. केसभर वर गेलेली खिडकी ज्याला दिसते, तो माणूस अंगठ्याएवढं धुराडं विसरतो, हे काही माझ्या गळी उतरेना.

मे महिन्यात नवं धुराडं आलं, लागलं. आता राहिला फक्त पुढचा नांगर. आमच्या मराठी मंडळात चौथ्या निरोपाची कुजबुज सुरू झाली. अशाच एका दुपारी मी काकांकडे गेलो, तर ते बूट घालून तयार होते. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यातला नांगर काढला आणि जेवणाच्या टेबलावर, काकूंच्या गाडीच्या किल्ल्यांशेजारी ठेवला. मागे होऊन पाहिलं. मग जरा अलीकडे सरकवला, उजेडात.

"अगं, आम्ही चक्कर मारून येतो," त्यांनी अंगणाकडे तोंड करून हाक दिली.

रस्त्यावर आल्यावर मला राहवलं नाही. "काका, नांगर टेबलावर राहिला."

"राहू दे. मेथीच्या डब्यात जाते तो."

मी थांबलो. काका चालत राहिले, म्हणून मलाही चालावं लागलं.

"तीस वर्ष टेस्टिंग केलं बे मी," ते म्हणाले. "आधी डबा वर होता. त्या गुडघ्यांनी स्टुलावर चढत होती ती. पडली असती ना. मग मी खाली ठेवला."

"म्हणजे तुम्हाला नागपूरला जायचंच नाहीये?"

समोरून एकजण कुत्र्याला घेऊन आला, त्याला काकांनी "हाय" केलं. मग म्हणाले, "जायचं आहे ना. रोज जायचं आहे. सकाळी उठलो का पहिले तेच मनात येते."

"मग कॅन्सल झालं म्हणून टाका एकदाचं. या चोरचोर खेळण्यापेक्षा."

"मी कॅन्सल केलं तर तिला समजते, तिच्यासाठी केलं. मग ती ऐकते का? त्याच दिवशी बॅग भरते." काकांनी मफलर नीट केला. शॉमबर्गचा मे महिना तसाच असतो. "लग्न झाल्यापासून माझ्याच म्हणण्यानं चालली ती. आता गाडी चालवते तेव्हा तिचा चेहरा पाहिला का तू? मी पाहतो. बाजूलाच बसतो ना."

आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. आठ वर्षं मी या माणसाच्या जहाजावर विनोद केले होते, आणि त्यातला एकही मला त्या वेळी आठवेना.

वळून पुन्हा त्यांच्या दारापाशी आलो. मी फाटकातून आत शिरणार, तेवढ्यात काकांनी माझी बाही धरली. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू दिसत होत्या. एका हाताने ओट्याची कड पकडून त्या हळूहळू खाली वाकत होत्या.

"थांब बे," काका हलक्या आवाजात म्हणाले. "अजून एक राउंड मारू. वाकायला वेळ लागते तिला."