अण्णा आणि स्विचवरची बत्ती

खालच्या मजल्यावरचे अण्णा मला चहाला बोलावतात आणि चहाआधी पडदे ओढून भिंतीसमोर उभं करतात. हातात त्यांचा मोबाइल देतात. मग स्वतः चष्मा काढून, डोळे किलकिले करून दाराशी जातात. "स्वल्प वाढव बघू. सरी, बरोबर! थांब, थांब. अजून स्वल्प."

प्रकरण स्विचवरच्या बत्तीचं. निपाणीचे अण्णा सरकारी कारखान्यात नोकरी करून इथे बंगळूरच्या जे. पी. नगरला स्थायिक झाले. मुलाने परदेशातून हट्टाने घरभर स्मार्ट स्विच बसवून दिले. अंधारात बटण सापडावं म्हणून प्रत्येकावर एक इवलीशी निळी बत्ती, आणि तिचा उजेड मोबाइलवरून कमीजास्त होतो. झालं, अण्णांना उद्योग मिळाला. मी आयटीतली, म्हणून आपसूक त्यांची मदतनीस.

हॉलमधल्या बत्तीवर त्यांचा विशेष लोभ. वाढवत वाढवत ती इतकी प्रखर केली की समोर बसून टीव्ही बघवत नाही. बिल्डिंगमधले सगळे हसतात. मीही हसायचे. अण्णा म्हणायचे, "रिटायर माणसाला काहीतरी खूळ पायजेच की!"

त्या घरात दिवेलागणीला हॉलचा दिवा लावायचा मान अक्कांचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा. देवापाशी निरांजन लावून त्या बाहेर येतात, बटण दाबतात आणि दिव्याला हात जोडतात. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावलेला त्यांना खपत नाही.

परवा मी तिथेच होते. ॲप अपडेट झालं होतं आणि सगळ्या बत्त्या आपोआप मंद पडल्या होत्या. अक्का आल्या. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, वर नेला, खाली आणला. बांगड्या भिंतीला घासत होत्या. बटण वीतभर बाजूला होतं. मी उठले, तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

"ह्या कंपनीवाल्यांनी सगळं बिघडवून ठेवलंय बघ," ते मोठ्याने म्हणाले आणि मोबाइलवर अंगठा सरकवत राहिले. बत्ती उजळली. अक्कांचा हात तिच्याकडे वळला. दिवा लागला, अक्कांनी हात जोडले. चष्मा काढून अण्णा इतके दिवस कुणाच्या नजरेने बघत होते ते मला तेव्हा कळलं.

मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तशा अक्का जवळ आल्या.

"ह्यांना उद्या अजून वाढवायला लाव गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता एवढ्यानं भागत नाही. मी सांगितलं म्हणू नको. घाबरतील उगीच."