दालनात गरम होत नाही

जागा ही डोळ्यांनी पाहायची नसून अंतःकरणाने अनुभवायची गोष्ट आहे, आणि अंतःकरणाला परवानगी लागते. ही परवानगी देण्याची सोय आसुन्सियोनच्या आमच्या वास्तुकला विद्यालयाने केली, याबद्दल समस्त पाराग्वायने त्याचे ऋणी राहायला हवे.

सोय म्हणजे 'अवकाशानुभूती दालन'. काँक्रीटच्या चार उघड्या भिंती आणि वर छत. खिडकी नाही, कारण खिडकीतून आंब्याचे झाड दिसते आणि आंबा अभ्यासक्रमात नाही. दार पश्चिमेच्या भिंतीत आहे. भिंतीच्याच रंगाचे, कडी नाही, मूठ नाही. (दाबले की उघडते. कुठे दाबायचे, ते वास्तुकाराला ठाऊक होते. तो आता माद्रिदला असतो.)

वार्षिक परीक्षा इथेच होते. विद्यार्थ्याने आत उभे राहून काय वाटते ते सांगायचे.

नियम एक. आकुंचन, प्रसरण, मौन आणि अनंत वाटू शकते.

नियम दोन. गरम होणे, तहान लागणे, बसावेसे वाटणे या खासगी अडचणी आहेत. त्यांचा जागेशी संबंध नाही.

नियम तीन. (दारावर लावला होता. रचनेला बाधा येते म्हणून काढला.)

नियम चार. ज्याचे लक्ष दाराकडे गेले त्याचे जागेकडे गेले नाही, तो नापास. हा नियम सर्वांना लागू आहे.

दालन बांधल्यापासून विद्यार्थ्यांना गरम होण्याचे प्रमाण शून्यावर आले. भर डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, जेव्हा शहरात कुत्रीसुद्धा सावली बदलायला उठत नाहीत. अपवाद एकच. निमिया ओवेलार. तिला दोनदा गरम झाले आणि ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा नाव कटते.

तिसऱ्या परीक्षेला आई फाटकापर्यंत आली होती, हातात तेरेरेचा, म्हणजे बर्फ घातलेल्या पानांच्या गार पेयाचा, थर्मास.

"अगं, गरम होतं ते घरी येऊन मला सांग," आई म्हणाली. "तिथं ते म्हणतील ते होऊ दे तुला."

निमिया आत गेली. प्राध्यापक रोलोन आणि प्राध्यापिका बेनेगास आत होतेच. दार मागे मिटले आणि भिंत झाले.

"काय वाटतंय?" रोलोन.

"आकुंचन, प्रोफे."

"छान. आणखी?"

"मौन."

बेनेगासबाईंनी कागदाने वारा घेत मान डोलावली. त्या घेत होत्या तो वारा नव्हता. हवेची हालचाल होती. मग रोलोन निघायला वळले, आणि कुठे वळावे ते त्यांना कळेना. त्यांनी एक भिंत चाचपली, मग दुसरी. (अहवालात नोंद: 'स्पर्शानुभूती'.)

"गरम होतंय हो," ते म्हणाले. "दार कुठंय?"

निमियाला ठाऊक होते. मागच्या दोन्ही वेळी तिने दुसरे काही पाहिलेच नव्हते. पण दाखवले की नियम चार.

"निमिया, तुला माहितेय का गं?" बेनेगास.

"मी आकुंचनात होते, बाई. दाराकडे कशाला बघेन?"

"सोंगं नको करूस. पास करतो तुला."

"आधी सही."

"ही अडवणूक झाली," रोलोन म्हणाले.

"नाही प्रोफे. आकुंचन झालं. प्रसरण सहीनंतर होईल."

दोघांनी सही केली. रोलोन यांची घामाने फुटली. ती ग्राह्य धरण्यात आली. निमियाने गुडघ्याएवढ्या उंचीवर तळवा टेकवला आणि दार उघडले.

"काय गं, वाटलं का काही?" आईने विचारले.

"वाटलं. प्रोफेंना."

पुढचे सर्व नियमानुसार झाले. निमिया उत्तीर्ण. दोन्ही परीक्षकांनी दार शोधले आणि त्यातल्या एकाला गरमही झाले, त्यामुळे दोघे नापास. फेब्रुवारीत पुन्हा बसतील. रिकाम्या जागेवर विद्यालयाने निमियाला नेमले. ती फार कडक आहे. कुणी गरम होतंय म्हटले, तर पाणीसुद्धा विचारत नाही.

आता तुमचे. वाचता वाचता तुम्हीही त्या दालनात बराच वेळ उभे होतात. उघडे काँक्रीट, मौन. बरे वाटले असेल. दार कुठल्या भिंतीत आहे, ते मी वर सांगितले होते. आठवत नसेल तर अभिनंदन, तुम्ही पास, आतच राहा.

आणि नजर वर नेऊ नका. नियम चार सर्वांना लागू आहे.